खव्याच्या कढईतील रेणू

भूम तालुक्यात कुंथलगिरीच्या परिसरात भट्टीवरच्या कढईत दूध आटत असताना आणि कारागीर तिचा तळ अखंड खरवडत असताना, पाहणारा सुशिक्षित मनुष्यही सहज म्हणून जातो की, एवढ्या आचेवर दुधातील प्रथिने जळून नाहीशी होत असतील. हा समज रूढ असला तरी निराधार आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट घडी घालून बसते, आणि बहुतेक प्रथिनांचे कार्य त्या घडीवरच अवलंबून असते. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनाची घडी उलगडते, आत दडलेला गंधकयुक्त गट उघडा पडतो आणि तो रेणू केसीनच्या कणांना जाऊन बिलगतो. परंतु साखळी सांधणारे पेप्टाइड बंध त्या आचेने सहसा तुटत नाहीत. ते तोडणे हे जठरातील पेप्सिनाचे व आतड्यातील ट्रिप्सिनाचे काम, आणि उलगडलेली साखळी त्यांच्या हाती अधिक सुलभतेने लागते. केसीन तर दुधाच्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के. त्याला मुळातच पक्की घडी नाही, म्हणून ताजे दूध उकळूनही नासत नाही. हा गुण नसता तर खवा जन्मासच आला नसता, असे मला नेहमी वाटते.

खवा तांबूस दिसला की भेसळीचा संशय घेतला जातो, तोही अकारण. दुग्धशर्करा आणि प्रथिनातील लायसिन यांच्या संयोगाने तो रंग आणि तो खमंग वास येतो. फ्रेंच रसायनज्ञ मायार याने ही प्रक्रिया १९१२ साली वर्णिली. तीत गुंतलेले थोडे लायसिन शरीरास मिळत नाही, एवढी हानी मात्र मान्य केली पाहिजे. पिठाच्या भेसळीची रुजुवात करायची तर खवा पाण्यात उकळून, पुरता निववून, त्यात आयोडिनचा थेंब टाकावा: स्टार्चच्या मळसूत्राकार साखळीत आयोडिन शिरले की निळा रंग उमटतो, आणि दुधात स्टार्च मुळीच नसतो.

वरून साखर घातली नाही म्हणून खव्यात साखर नाही, हा समज मात्र अपायकारक आहे. लिटरभर दुधात सुमारे ५० ग्रॅम लॅक्टोज असते. चार-पाच लिटर दूध आटून किलोभर खवा होतो, म्हणजे त्यात २०० ते २५० ग्रॅम शर्करा आलीच. उसाच्या साखरेहून तिची गोडी बरीच कमी असल्याने जिभेला तिचा पत्ता लागत नाही, पण आतड्यात लॅक्टेज तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करते, आणि ते ग्लुकोज मधुमेही माणसाच्या रक्तात इतर कोणत्याही ग्लुकोजप्रमाणेच उतरते.