रेव्हिटमध्ये बदललेली खिडकी कशी दाखवायची?

जुन्या घराच्या दुरुस्तीचा प्लॅन करताना मी रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये जुनी खिडकी निवडून थेट तिचा टाइप बदलला. झालं! जुन्या प्लॅनमध्येही नवीच खिडकी दिसायला लागली. तोडकाम दिसलंच नाही, म्हणून कंत्राटदाराने त्याचा खर्चही धरला नाही.

योग्य पद्धत अशी:

१. जुन्या खिडकीचा ‘फेज क्रिएटेड’ ‘एक्झिस्टिंग’ आहे ना, ते बघा.

२. ‘न्यू कन्स्ट्रक्शन’ फेजच्या व्ह्यूमध्ये ‘डिमॉलिश’ टूलने तिच्यावर क्लिक करा. तिथली भिंत आपोआप भरली जाते.

३. त्याच जागी नवी खिडकी बसवा.

आता ‘फेज फिल्टर’मध्ये ‘शो प्रीव्हियस + डेमो’ निवडा, तोडायची खिडकी तुटक रेषेत दिसेल. ‘शो कम्प्लीट’मध्ये मात्र फक्त नवी.

दारांसाठीही हेच करा. जुनं डिलीट करू नका, डिमॉलिश करा!