देवाची धार, माणसाची बाटली

गडचिरोलीत कुणाला 'दारू सोड' म्हणण्याआधी 'कोणती दारू?' हे ठरवावे लागते.

चैत्रात रात्रभर मोहफुले गळतात. उजाडण्याआधी बायका-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. वाळवलेली फुले घरात खायला होतात, बाजारात विकून त्यांचे मीठ-मिरची येते आणि त्यांचीच दारूही गाळली जाते. गोंडांच्या घरी सण असो, लग्न असो की मरण, पूर्वजांच्या आणि पेनांच्या, म्हणजे देवांच्या, नावाने या दारूची धार जमिनीवर सोडायची रीत आहे. ती धारच पाप आहे असे सांगत जो गावात शिरतो, त्याचे पुढचे कुणी ऐकत नाही.

पण धार वेगळी आणि धंदा वेगळा. सणापुरती गाळलेली दारू रोज विकायला गाळली जाऊ लागली, मोहाच्या सडव्याचे, म्हणजे आंबवलेल्या फुलांचे, ड्रम जंगलात लपू लागले, देशीच्या बाटल्या दुकानांतून येऊ लागल्या. पूर्वी पिण्याला निमित्त लागे, आता खिशात पैसे असले की पुरे. त्याची किंमत पहिल्यांदा मोजली ती बायकांनी. मजुरी घरी येईना आणि रात्री मार मात्र चुकेना.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. त्यांच्या 'सर्च' संस्थेने दवाखाना बांधण्याआधी लोकांना विचारले, की तुम्ही मोठ्या इस्पितळात का जात नाही? उत्तरे डॉक्टरांना अंतर्मुख करणारी होती. पांढऱ्या कपड्यांत आपल्याकडे मुडदा गुंडाळतात, आणि तिथे तर सगळे पांढऱ्याच कपड्यांत वावरतात. नातेवाइकांना बाहेर काढतात. इमारतीत माणूस हरवून जातो. म्हणून चातगावजवळच्या शोधग्रामात दवाखाना उभा राहिला तो आदिवासी पाड्यासारखा. रोग्याबरोबर घरच्यांना राहता येईल अशा झोपड्या बांधल्या आणि नाव दिले माँ दंतेश्वरीचे. देवीची जत्रा भरते, आणि जमलेल्या गावांचे प्रतिनिधी आरोग्याचा कोणता प्रश्न आधी हाती घ्यायचा ते सांगतात.

दारूचा प्रश्नही असाच लोकांकडून आला. गावोगावच्या बायका, तरुण आणि कार्यकर्ते यांच्या चळवळीतून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली.

त्याच काळात धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे छोटे गोंड गाव आपला कारभार आपण पाहायला शिकत होते. देवाजी तोफा हे तिथले जाणते, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांच्याबरोबर विचार करणारे बाहेरचे सोबती. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. इथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या सहमतीने होतो. बायकांनी दारूचा विषय काढला, तेव्हाही हात वर करून मोजणी झाली नाही, बोलणे चालू राहिले. अशा पद्धतीला वेळ लागतो. पण पिणारा त्याच बैठकीत बसलेला असतो, आणि ठरलेली गोष्ट त्याचीही असते. बहुमताने हरलेला माणूस रात्री गुपचूप पितो. सहमतीत सामील झालेल्याला निदान स्वतःशी तरी खोटे बोलावे लागते.

कायद्याने दुकाने बंद झाली, तरी सवय बंद झाली नाही. चोरटी विक्री राहिली, शेजारच्या भागांतून बाटल्या येत राहिल्या. म्हणून २०१६ मध्ये राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांनी मिळून 'मुक्तिपथ' हा दारू-तंबाखू नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. जिल्ह्याचे बाराही तालुके त्यात आले. लोकजागृती, गाव संघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार अशी चारही टोके एकत्र बांधली गेली. सडवा शोधून ओतून देणाऱ्या गाव संघटनेच्या बायकांच्या बातम्या येतात. व्यसनींसाठी तालुक्याला क्लिनिक आणि गावात शिबिर हा त्याच कामाचा भाग असला, तरी त्याची बातमी क्वचितच होते.

शिबिर गावात का, हे समजून घ्यायला हवे. पुण्याच्या 'मुक्तांगण'ने १९८६ पासून मराठी माणसाला व्यसनमुक्तीची एक घरगुती भाषा दिली. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने उभ्या केलेल्या या केंद्रात बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक होतात. पण तिथे पस्तीस दिवस राहावे लागते. रोवणीच्या चिखलात किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात गडचिरोलीचा माणूस घर सोडून इतके दिवस कुठे जाणार?

शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली, तर हात थरथरतात, झोप उडते, कुणाला झटके येतात, कुणाला भास होतात. पहिले दोन-तीन दिवस जिवावर बेतू शकतात. गावात या भासांना 'बाहेरचे' म्हणणारे भेटतात. तेव्हा पूजेला विरोध न करता गोळ्याही सुरू करणे हे कौशल्याचे काम आहे. शहरातल्या व्यसनमुक्ती गटात ओळख लपवायची सोय असते. शे-सव्वाशे घरांच्या गावात लपवायचे काय? कोण सोडतो आहे हे सकाळपर्यंत सगळ्यांना कळते. ही लाजेची बाब होऊ शकते, आणि पहारा ठेवणारे शंभर डोळेही होऊ शकतात. कोणते व्हावे, हे गावातल्या जाणत्यांवर अवलंबून असते.

चारचौघांच्या पहाऱ्यात व्यसनापासून दूर राहणे आपल्याला परके नाही. वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की गुत्त्याची वाट बंद होते. बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघाने हाच धागा धरला. माळकऱ्याला 'एकच घे' म्हणायला मित्रही कचरतो, कारण नकार तो एकटा देत नसतो, त्याच्या मागे सगळी दिंडी असते.

गडचिरोलीत मात्र आता वेगळाच पेच आहे, तो खर्र्याचा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत पोचला आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाटही तिथूनच जाते. मोहाच्या दारूला निदान पेनाच्या पायाशी एक जागा होती, आणि तिथवरच, असे म्हणता येत होते. खर्रा कुठल्याच देवाला लागत नाही. तरीही पाहुणा आला की आधी त्याच्यापुढे खर्रा ठेवला जातो. इथे रीत सांभाळायची नाही, पडू पाहणारी रीत मोडायची आहे. त्यासाठीही गावाला पुन्हा बैठकीला बसावे लागेल, आणि त्या बैठकीतल्या निम्म्या लोकांच्या गालात तेव्हा खर्रा असेल.