नळी तांब्याची की प्लास्टिकची?

शेतांत दिसणाऱ्या पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यातून निओडिमियमचा चुंबक सोडा. तो सरळ पडतो. तेवढ्याच तांब्याच्या नळीतून मात्र सावकाश उतरतो, हे एकदा पाहायलाच हवे. सरकत्या चुंबकामुळे धातूच्या भिंतीत गोल फिरणारे विद्युतप्रवाह, म्हणजे एडी करंट, उठतात आणि त्यालाच अडवतात. धातूची रोधकता कमी, तर ब्रेक जोरदार. अ‍ॅल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या सुमारे 1.6 पट, पितळेची साधारण 4 पट, स्टेनलेस स्टीलची 40 पटींहून जास्त. भिंत जाड असेल तर वेग आणखी घटतो. साध्या लोखंडी नळीत चुंबक चिकटूनच बसतो. जुन्या वीजमीटरची अ‍ॅल्युमिनियमची चकती याच ब्रेकमुळे वापरलेल्या विजेच्या प्रमाणात फिरायची.