सातबाऱ्यावर नाव नाही, मग हिस्सा गेला का?

मागच्या भागानंतर एकच प्रश्न फिरून फिरून आला. बाबा गेले, भावाने सातबाऱ्यावर फक्त स्वतःचं नाव लावून घेतलं, आता बहिणीचा हिस्सा संपला का?

नाही संपला. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव चढलं म्हणून कुणी मालक होत नाही, आणि नाव नाही म्हणून कुणाची मालकी जात नाही. मालकीचा वाद ठरवतं दिवाणी कोर्ट. तरीही फेरफाराची नोटीस आली की तलाठ्याकडे लेखी हरकत द्याच. नंतरचा बराच त्रास वाचतो.

“लग्न झालेल्या मुलीला काही मिळत नाही” हे काका-मामा इतक्या खात्रीने का सांगतात? महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना हक्क दिला तेव्हा तो खरंच अविवाहित मुलींपुरता होता. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, पण घराघरांत जुनाच कायदा चालू राहिला! 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. म्हणजे वडिलोपार्जित चार एकर, मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण, मृत्युपत्र नाही, तर प्रत्येकी एक एकर. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टातून झालेली वाटणी उकरता येत नाही. (हे सगळं हिंदू वारसा कायद्याचं. त्यात बौद्ध, जैन, शीखही येतात. गोव्याचा कायदा वेगळा.)

आता गोची कुठे होते बघा. आजोबांनी स्वकमाईने घेतलेली जमीन 1956 नंतर वारशाने वडिलांकडे आली, तर ती सहसा वडिलांची स्वतःची धरतात. तिचं मृत्युपत्र ते कुणाच्याही नावे करू शकतात. मृत्युपत्र नसेल तर तिथेही मुलीला मुलाइतकाच वाटा.

आणि हक्कसोडपत्र! “नुसती सही कर गं, फॉर्मॅलिटी आहे.” माहेर तुटू नये म्हणून कित्येक जणी न वाचता सही करतात. स्वखुशीने सोडायचं तर जरूर सोडा, पण दुय्यम निबंधकासमोर एकदा नोंदलं की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ते रद्द होणं कठीण.

बोलणी फिसकटलीच, तर वाटपाचा दावा. त्यात सगळे वारस आणि सगळ्या मिळकती घालाव्या लागतात. जमीन विकली जाण्याची भीती असेल तर सोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज करा. आधी येतो प्राथमिक हुकूमनामा. लोक पेढे वाटतात, पण त्यात फक्त कुणाचा किती हिस्सा एवढंच ठरतं. शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी त्यानंतर कलेक्टरमार्फत होते, मोजणी, नकाशा, ताबा अशी. घर असेल तर कोर्ट कमिशनर नेमतं. यात वर्षं जातात, म्हणून दाव्याच्या मध्येही तडजोड करता येते हे विसरू नका.

मुदत साधारण 12 वर्षं, आणि ती मोजतात तुम्हाला वगळल्याचं कळलं त्या दिवसापासून. त्यामुळे भावाचा “तुझा इथे काही संबंध नाही” हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज रागाने डिलीट करू नका. त्यावरची तारीख वकिलाला लागेल.