रोटेशन बघून तारीख

शाळासोबत्यांची सहल कशी ठरते हे बघायचं असेल, तर आमच्या श्रीरामपूरच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप वाचावा. पुण्या-मुंबईतल्यांना शनिवार-रविवार मिळाला की झालं. पण निम्मे सोबती अजून उसात आहेत. पाटाला पाणी असलं की त्यांना रात्री-बेरात्री दारं धरायला जावं लागतं आणि पाळी चुकली की ऊस पुढच्या आवर्तनापर्यंत कोरडा. त्यामुळे ग्रुपवर पहिला मेसेज पडतो तो एकच : "रोटेशन कधी सुटतंय?"

गंमत म्हणजे ते पाणी सुटतं तिथेच आम्ही जातो, भंडारदऱ्याला. प्रवरेवरचं हे धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. कागदोपत्री धरण विल्सनचं आणि तळं आर्थरचं, पण दोन्ही नावं कुणाच्या तोंडी नाहीत. साठा अकरा टीएमसीचा. तिथून निघालेलं पाणी निळवंड्यात, मग नदीने संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यावर आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी राहुरी, श्रीरामपूर, नेवाशाकडे. आमच्या गावची पेठ या पाण्यावर उभी राहिली. आम्ही पोहायलाही पाटातच शिकलो. एकाचे वडील पाटकरी होते. त्यांची सायकल दिसली की कपडे उचलून पळायचं. त्याच पाटकऱ्याचा मुलगा आज आमचा खजिनदार आहे, आणि धाक तितकाच.

माझ्या मते सहलीची ही परंपरा टिकली ती प्रेमाने नव्हे, त्याच्या वहीने. वर्गणी आधी. येणार नाही म्हणणाऱ्याने निम्मी भरायची. हा नियम झाल्यापासून ऐनवेळी आजारी पडणारे कमी झाले. ज्या मुलींशी आम्ही शाळेत एक शब्द बोललो नव्हतो, त्या आता सगळ्यांत आधी पैसे पाठवतात.

बाभळेश्वर, लोणी, संगमनेर, अकोले. अकोल्याच्या पुढे ऊस हळूहळू विरतो आणि भाताची खाचरं लागतात. राजूरला पेढे घ्यायचे, शेंडी ओलांडायची आणि तळ्याकाठी उतरायचं. मुक्काम एका महादेव कोळी कुटुंबाकडे : दोन खोल्या, बाकीच्यांना तंबू. तळ्याकाठ म्हटलं तरी काठ एका जागी नसतो. दिवाळीत पाणी अंगणाखालीच असतं. मे महिन्यात मात्र तेच पाणी बघायला भेगाळलेली उतरण तुडवत बरंच खाली जावं लागतं. मधलं सगळं आमच्याकडच्या उसात गेलेलं असतं.

तंबू ठोकण्याआधी घरचे दादा वारा बघतात. तळ्यावरून येणारा वारा दारातून आत शिरला तर तंबू फुग्यासारखा उचलला जातो, म्हणून दार पाण्याकडे हवं हा आमचा हट्ट ते दरवेळी मोडून काढतात. जमीन मुरमाड. खुंटी थेट ठोकली तर वाकते. आधी पहारीने भोक पाडायचं आणि मग खुंटी तंबूच्या उलट्या बाजूला कलती घालून ठोकायची. आमच्यातल्या इंजिनिअरने सरळ ठोकलेली एक खुंटी दादांनी हाताने उपटून दाखवली, तीही न बोलता.

चुलीपाशी मावशी. नागलीचं पीठ त्या गार पाण्यात भिजवत नाहीत. उकळत्या पाण्यात कालवून, झाकून ठेवून मग मळतात. नागलीला चिकटपणा नाही, त्यामुळे नुसत्या गार पाण्यातली भाकरी थापताना कडेने चिरते. आमच्या दोघी बसल्या थापायला. दोघींच्याही भाकऱ्यांचे नकाशे झाले. "पीठ गरम हाय तवर हात चालवा, ताई," एवढंच मावशी म्हणाल्या आणि आपली भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला.

जेवताना दादांनी एका ऊसवाल्याला विचारलं, "उसाला किती पाणी देता?"

"उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एक. नाहीतर पंधरा."

"आमचं भात पावसावर. एकदा कापलं की रान मोकळं."

तळं समोर चांदण्यात पसरलेलं. पण पाट उतारानेच धावतो. वरच्या वाड्यांना पाणी हवं तर उचलूनच न्यावं लागतं, मोटारीने नाहीतर हंड्याने. ऊसवाला एरवी पाण्याच्या वाटपावर तासभर बोलतो. कालव्याच्या टेलच्या लोकांवर कसा अन्याय होतो, हेडवाले कसे चोऱ्या करतात, वगैरे. त्या रात्री त्याने भाकरी मागून घेतली आणि विषय काजव्यांवर नेला. काजव्यांचे दिवस पावसाच्या तोंडावर, मे सरता सरता. आमच्या वाट्याला ते क्वचितच येतात आणि आले तरी जंगलात गर्दी इतकी, की काजव्यांपेक्षा मोबाइलच जास्त लुकलुकतात.

सकाळी चहाबरोबर खजिनदार हिशेब वाचतो. डिझेल, मुक्काम, जेवण, पेढे. उरलेले पैसे पुढच्या खेपेला. मावशींचे जेवणाचे पैसे तो वेगळे, मोजून त्यांच्याच हातात देतो. घासाघीस करायची नाही, हाही त्याचाच नियम आणि मला तो सगळ्यांत पटतो.

ऊसवाला बहुधा या वाचनाआधीच निघालेला असतो, पहाटे घरून फोन येतो की पाट भरला. अर्धीच सहल झाली म्हणून त्याने एकदा निम्मी वर्गणी परत मागितली. खजिनदाराने वही उघडून त्याला रात्रीच्या भाकऱ्यांचा आकडा दाखवला.