टाळीला टाळी

सकाळी 9.15
पिंपळगाव बसवंत, ऑक्टोबर. टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअप मार्केट यार्डाकडे चालल्यात. ताई अंगणवाडीचं कुलूप काढतात. मदतनीस मावशी झाडून घेतात, सतरंजी अंथरतात. ताईंचं मानधन महिना 13 हजार, मावशींचं साडेसात.

9.45
मुलं येतात. गावातली आईचं बोट धरून, मळ्यातली मोठ्या बहिणीच्या कडेवर. सुरगाणा-पेठकडच्या मजुरांच्या टोळ्या द्राक्षाच्या छाटणीला उतरल्यात. काम एकरावर, उक्तं. छाटायचं, मग काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची. आईबाप उजाडायच्या आत बागेत. मळ्यातली ही मुलं घरात कोकणा बोलतात. ती दाराशी बसतात, गावातली भिंतीशी.

10.30
ताई पिशवी उपडी करतात. पाण्याच्या बाटल्यांत हरभरे घालून केलेले खुळखुळे. तेलाचा रिकामा डबा. भजनी मंडळाने दिलेली जुन्या टाळांची जोडी. तिची दोरी ताईंनी पदरच्या पैशांनी बदललीय. खुळखुळे 11, मुलं 19. ज्याचा हात रिकामा, त्याने टाळ्या वाजवायच्या. ताई डबा वाजवत गाणं म्हणतात. डबा थांबला की सगळ्यांनी थांबायचं आणि खुळखुळा शेजाऱ्याला द्यायचा.

10.50
एक पोरगा खुळखुळा सोडेना. ताई रागवत नाहीत, पण डबाही वाजवत नाहीत. सगळे त्याच्याकडे बघतात. "दे ना रे, गाणं अडलंय," भिंतीकडची एक मुलगी म्हणते. तो दाराशी बसलेल्या पोरीकडे खुळखुळा सरकवतो. डबा सुरू.

11.20
मणी ओवायची वेळ. त्याच पोरीची वाटी कलंडते. मणी सतरंजीभर. तिने काही म्हणायच्या आत तो पोरगा गुडघ्यांवर येऊन मणी वेचू लागतो. जर्मनीत लायपझिगच्या संशोधकांनी 2010 साली चार वर्षांच्या मुलांबद्दल हेच मांडलं होतं: एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली मुलं नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. ताईंनी ते वाचलेलं नाही. त्या फक्त मुलांच्या जागा बदलतात, एक भिंतीकडचं, एक दाराकडचं.

12.30
खिचडी. हात धुवायची रांग गाण्यावर सरकते. ढकलाढकली कमी, पाणीही कमी सांडतं.

2.00
मुलं गेली. ताई मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरतात. हजेरी, वजन, उंची. रेंज जाते, पुन्हा भरतात.

3.15
मुकादम दारातूनच सांगतो, सोमवारी नवी टोळी येतेय, चार पोरं आहेत. ताई हरभऱ्याचा डबा हलवून बघतात. रिकाम्या बाटल्यांचं चहाच्या टपरीवर सांगून ठेवलंय.