पहिल्याला अपडेट वाचवत नाही

27 जून 2017. उरण तालुक्यातल्या जेएनपीटी बंदरात एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. क्रेन मोडली नव्हती, संपही नव्हता. मर्स्क या डॅनिश कंपनीच्या गटाकडून चालवल्या जाणाऱ्या 'गेटवे टर्मिनल्स इंडिया'चे संगणक बंद पडले होते. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय आणि तो कुणाला द्यायचाय, हे सगळं संगणकालाच ठाऊक. त्यामुळे माल हलवायचा तर हातानं नोंदी करत. पेणच्या रामवाडीतून निघालं तर हे बंदर त्याच जिल्ह्यात, तास-दीड तासाच्या वाटेवर.

दोषी होता 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम. तो आला कसा, हे मोठं बोलकं आहे. युक्रेनमध्ये कराच्या हिशेबासाठी 'एम.ई.डॉक' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. हल्लेखोर ते बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये घुसले आणि नेहमीच्या अपडेटमधूनच त्यांनी विष धाडलं. ज्यांनी इमानदारीनं अपडेट घेतलं, तेच आधी सापडले. पुढे मर्स्कला दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्यानं उभे करावे लागले.

मग अँटिव्हायरस काय करत होता? या प्रश्नाचं उत्तर अपडेटच्या वेळापत्रकात आहे.

अँटिव्हायरसकडे ओळखीच्या घातक फाइल्सच्या खुणांची यादी असते. जर्मनीतली 'एव्ही-टेस्ट' ही संस्था रोज साडेचार लाखांहून जास्त नवे घातक किंवा नकोसे प्रोग्रॅम नोंदवते. यादी आठवडाभर शिळी राहिली तर काय होईल, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. म्हणून मायक्रोसॉफ्ट आपल्या 'डिफेंडर'साठी दिवसातून अनेक वेळा नवी यादी काढते. 'क्लॅमएव्ही' हा मुक्त अँटिव्हायरस वेगळं काही सांगितलं नसेल तर दिवसातून 12 वेळा सर्व्हरकडे विचारणा करतो, आणि शक्य असेल तेव्हा पूर्ण यादी न आणता फक्त फरक उतरवून घेतो. मोबाइलच्या डेटावर चालणाऱ्या संगणकाला म्हणूनच हे परवडतं.

एके काळी हा खेळ बराच संथ होता. 6 मार्चला जागा होणारा 'मायकेलअँजेलो' व्हायरस 1992 मध्ये जगभर गाजला. तेव्हाचे व्हायरस फ्लॉपीवरून फिरत आणि त्यांच्यावरचा उताराही फ्लॉपीवरूनच येई. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या साताऱ्याकडच्या भावांनी याच काळात संगणकदुरुस्ती करता करता व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच 'क्विक हील' उभं राहिलं. व्हायरस फ्लॉपीच्या चालीनं पसरत होता तोवर महिन्याचं अपडेटही चालून जाई.

आता मात्र मूळ अडचण निराळी आहे. यादीत खूण यायची तर आधी कुणाचा तरी संगणक बाधित व्हावा लागतो, किंवा नमुना कुणा अभ्यासकाच्या हाती लागावा लागतो. गावात पहिली घरफोडी झाल्यावरच चोराचं वर्णन सगळीकडे पोहोचतं, तसं हे. नॉटपेट्याच्या खुणाही काही तासांत तयार झाल्या, पण तो एका जाळ्यातले संगणक मिनिटांत गिळत होता. शिवाय तो चोरलेले पासवर्ड वापरत असल्यानं विंडोजच्या दुरुस्त्या वेळेवर घेतलेले संगणकही त्याच्या तावडीत आले. म्हणून आजचे अँटिव्हायरस यादीपाशी थांबत नाहीत. प्रोग्रॅम वागतोय कसा, हे ते पाहतात आणि अनोळखी फाइलबद्दल तिथल्या तिथे कंपनीच्या सर्व्हरला विचारतात. इंटरनेट नसेल तर ही दुसरी सोय गेलीच.

वारंवारतेची किंमतही असते. 19 जुलै 2024 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 9.39 वाजता 'क्राउडस्ट्राइक' या संगणक-सुरक्षा कंपनीनं एक छोटी सदोष फाइल आपोआप धाडली. 78 मिनिटांत मागे घेतली, पण तेवढ्यात सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पुढे कंपनीनं असे बदल टप्प्याटप्प्यानं पाठवायला सुरुवात केली आणि ते कधी घ्यायचे हे ग्राहकाला ठरवता येईल, अशी सोय केली. मोठ्या कार्यालयानं आधी दोन-चार संगणकांवर अपडेट चालवून पाहावं, हे शहाणपणाचं. रामवाडीतल्या झेरॉक्सवाल्यानं मात्र असलं काही करू नये. त्याच्या संगणकात दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह शिरतात. अपडेट लांबवणं त्याला क्राउडस्ट्राइकपेक्षा महाग पडेल.

त्याच्यासाठी 'दिवसातून कितीदा' याहून 'शेवटचं कधी' हा प्रश्न मोलाचा. चार दिवस वीज नव्हती किंवा दुकान बंद होतं, तर संगणकाकडची यादीही चार दिवसांची शिळी असते. सुरू केल्या केल्या पहिल्या गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला, तर तो त्या शिळ्या यादीवरच तपासला जाणार. 'विंडोज सिक्युरिटी'त शेवटच्या अपडेटची तारीख आणि वेळ दिसते, आणि तिथेच हातानं अपडेट मागायचं बटणही आहे. ते दाबून यादी उतरेपर्यंत गिऱ्हाइकाला बसायला सांगावं.